पाठीखालची ओल

तुकोबांच्या पालखीची पाचवी रात्र लोणी काळभोरला पडते. पहिली देहूत इनामदारवाड्यात, दुसरी आकुर्डीत, पुढच्या दोन पुण्याच्या नाना पेठेत, निवडुंग्या विठोबापाशी. या चार रात्रींत बहुतेक वारकऱ्यांच्या पाठीखाली फरशी असते. शाळेचा वर्ग, मंगल कार्यालयाचा हॉल, सोसायटीचं पार्किंग, पेठेतल्या दुकानाची पायरी, काहीतरी सापडतंच. फरशी कठीण असते, गार असते, पण कोरडी असते. पाचव्या दिवशी हडपसरला ज्ञानोबांची पालखी सासवडच्या वाटेला लागते, तुकोबांची सोलापूर रस्त्याने सरळ निघते. कवडीपाट मागे टाकून संध्याकाळी लोणी येतं आणि देहू सोडल्यापासून पहिल्यांदा हजारो माणसांच्या पाठीखाली माती येते.

लोणी आता खेडं राहिलेलं नाही. तेल कंपन्यांचे डेपो, त्यांच्या टँकरच्या रांगा, एमआयटीचं विद्यापीठ. पोलीस ठाणंसुद्धा २०२१ मध्ये पुणे शहर आयुक्तालयाला जोडलं गेलं. पालखीचा मुक्काम पूर्वी गावातल्या विठ्ठल मंदिरात असे, अलीकडे तो कदमवाकवस्तीच्या पालखीतळावर असतो. तळावर मांडव असतो, दिवे असतात, टँकरचं पाणी असतं. तरी माणसांची संख्या आणि छपराखालची जागा यांचा हिशेब कुठल्याच वर्षी जुळत नाही. दिंडीत नाव असलेल्यांना राहुटी मिळते. उरलेले, ज्यांना वारीत मोकळा समाज म्हणतात, ते मोकळ्या प्लॉटवर, रस्त्याकडेच्या पट्टीवर, उसाच्या मोडलेल्या रानात जिथे सपाट दिसेल तिथे पथारी टाकतात.

२०२५ मध्ये लोणीचा मुक्काम २२ जूनला होता. मोसमी पाऊस त्याच्या चार आठवडे आधीच, २६ मेला, पुण्यात येऊन बसला होता. म्हणजे वारकरी आडवा झाला ती जमीन महिनाभर पाणी पीत होती. वरून एक थेंब पडला नाही तरी खालून ओल येणारच. आणि दुसऱ्या दिवशी उरुळी कांचनवरून यवतपर्यंतची मजल, पंचवीस किलोमीटरच्या वर. रात्री साडेनऊ-दहाला कीर्तन आटोपून टेकायचं आणि तीनला उठून आंघोळीची रांग धरायची. मधले पाच तास झोप लागली नाही तर यवतचं पिठलं-भाकरी गोड लागत नाही.

पाठीखाली काय घ्यावं या प्रश्नाचा फार बारीक खल केला आहे तो अमेरिकेतल्या डोंगरी शिकाऱ्यांनी. एल्क या मोठ्या हरणाच्या मागावर हे लोक रस्त्यापासून दूर आठ-आठ दिवस रानात राहतात. तंबू, शिधा, बंदूक सगळं पाठीवर, आणि शिकार झालीच तर मांसही पाठीवरच. त्यामुळे झोपायच्या चटईचा ग्रॅम न् ग्रॅम मोजला जातो. किती जाड, घडी केवढी होते, खालचा गारठा किती अडवते, कूस बदलताना चुरचुर वाजते का, या सगळ्यावर तावातावाने वाद होतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषय मिटला. त्याआधी शिकार होती, दाजीपूरचं जंगल कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान होतं. पण तिथे जाणाऱ्या सरदाराला अंथरुणाच्या वजनाशी देणंघेणं नव्हतं. कॅनव्हासच्या होल्डॉलात गादी, उशी, रग असं सगळं जाई आणि तो होल्डॉल दुसऱ्याच्या डोक्यावर असे. वजन मोजतो तो, ज्याला ते उचलायचं असतं. मग महाराष्ट्रात आपलं अंथरूण आपणच वाहत, रोज नव्या जमिनीवर झोपत आठवडेच्या आठवडे चालणारा माणूस कोण? एक वारकरी, दुसरा मेंढरांमागचा धनगर. शिकाऱ्यांचा तो सगळा खल खरं तर यांच्या कामाचा.

लोणीच्या तळाजवळ मराठवाड्यातल्या एका आजींचं अंथरूण घालणं मी जवळून बघितलं. सोबत दोघी जावा, तिघींत मिळून एक पथारी. आधी आजींनी चपलेच्या टाचेने जमीन चाचपली, खडे पायानेच बाजूला सारले. मग खताची रिकामी पोती उसवून शिवलेला तळवट. गावाकडे त्यावर तूर झोडतात, इथे तो खाली गेला. त्यावर निळा प्लास्टिकचा कागद, त्यावर सतरंजी, सगळ्यांत वर जुन्या नऊवारीची वाकळ. उशाला पडशी. पांघरायला एक शाल आणि पावसाची सर आलीच तर डोक्यावर घ्यायचा दुसरा कागद घडी करून हाताशी. मी विचारलं, आधी पोतं आणि मग कागद असं का? त्या म्हणाल्या, ‘‘कागद थेट भुईवर टाकला की धसकटं घुसतेत, माउली. एकदा भोक पडलं की त्याचा काय उपेग? पोतं फाटलं तर फाटू दे.’’

हेच शिकाऱ्यांच्या भाषेत सांगायला अर्धं पान लागतं: जमिनीशी घासणारा थर वेगळा ठेवा, पाणी अडवणारा थर त्याच्या वर घ्या, म्हणजे त्याला भोक पडत नाही. आजींना तिथे माझ्याकडून शिकण्यासारखं काही नव्हतं.

पण पहाटे वाकळ उचलली तेव्हा ती खालच्या अंगाला दमट होती. कागदाला भोक नव्हतं. हे सगळ्यांचंच होतं आणि सगळे म्हणतात, ‘कागदातून पाणी आलं.’ तसं ते येत नाही. झोपलेल्या माणसाच्या अंगातून रात्रभर वाफ जात असते. ती वाकळीतून खाली उतरते, गार पडलेल्या कागदावर थांबते आणि तिचं पाणी होतं. म्हणजे कागद जमिनीची ओल अडवतो आणि आपली स्वतःची ओल साठवतो. सुती वाकळ ती पिऊन घेते. सकाळी तिची वळकटी बांधायची, दिवसभर पाठीवर न्यायची, रात्री तीच दमट अंगाखाली घालायची. दुसऱ्या-तिसऱ्या मुक्कामाला तिला कुबट वास येतो आणि कंबर धरते. पाणी उष्णता वाहून नेतं ते स्थिर हवेच्या साधारण चोवीस-पंचवीस पट. कोरडी वाकळ उबदार असते ती तिच्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. हवेच्या जागी पाणी बसलं की ऊब गेली, वजन तेवढं वाढलं.

चटई गारठा किती अडवते याचं एक माप आहे, त्याला आर-किंमत म्हणतात. चटईच्या वर अंगाइतकी कोमट पट्टी, खाली गार पट्टी ठेवायची आणि वरची कोमट राखायला किती ऊर्जा लागते ते मोजायचं. या चाचणीचं सगळ्या कंपन्यांना लागू पडेल असं मानक २०१८ मध्ये आलं. तोवर जो तो आपापल्या पद्धतीने आकडे छापत होता. थर्म-ए-रेस्टची घडीची फोम चटई घेतली तर वजन ४१० ग्रॅम, आर-किंमत २. त्याच कंपनीची हवेची निओएअर एक्सलाइट ३७० ग्रॅमची आणि आर-किंमत ४.५. आकडे बघून कुणीही दुसरीच उचलेल. मात्र एवढी मोठी आर-किंमत लागते ती गोठलेल्या जमिनीवर. जूनमध्ये लोणीची जमीन गार असली तरी गोठलेली नसते. अंगात आणि तिच्यात आठ-दहा अंशांचा फरक. तेवढ्याला आर-किंमत १ सुद्धा पुरते, अट एकच, चटईने पाणी पिऊ नये. इथली लढाई थंडीशी कमी आणि ओलीशी जास्त आहे. परदेशी यादी बघून महाग चटई घेणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही.

पाणी पिऊनही ऊब न सोडणारी एक वस्तू आपल्याकडे होती, घोंगडी. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, अंगाला टोचते, पण तिच्या राठपणामुळेच ती दबून सपाट होत नाही, हवा धरून ठेवते. सणगर खड्ड्याच्या मागावर ही घोंगडी विणतात, ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. कोकराच्या पहिल्या कातरणीची, म्हणजे जावळाची घोंगडी मऊ आणि महाग. धनगराच्या खांद्यावर ती दिवसा असते, पाऊस आला की तिचाच घोंगता डोक्यावर, आणि रात्री तीच खाली. मेंढरांच्या वाड्याशेजारी, भिजल्या रानात, पिढ्यान् पिढ्या ही माणसं त्या एका कापडावर निजली.

मग वारीत ती का दिसत नाही? दिसते, पण क्वचित, म्हाताऱ्यांच्या खांद्यावर. एक कारण वजन. चांगली घोंगडी दोन-अडीच किलोची, आणि भरपूर भिजली तर उचलवत नाही.  दुसरं कारण मेंढीतच आहे. दख्खनी मेंढी वर्षाला किलोभरही लोकर देत नाही आणि तिला भाव मिळत नाही, मटणाला मिळतो. म्हणून धनगरांनी जतकडची माडग्याळ मेंढी धरली. ती उंच, वजनदार, पण अंगावर लोकर नावाला. बारामतीच्या पुढे काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. रिंगणातल्या मेंढ्या डोळे भरून बघाव्यात. त्यांच्या लोकरीवर निजणारा वारकरी मात्र आता शोधावा लागतो. मला याची हळहळ आहे, तरी सत्तरीच्या माणसाने अडीच किलो पाठीवर घ्यावी असा आग्रह मी धरणार नाही.

आता फोम. सह्याद्रीत भटकणारी पुण्याची पोरं ज्याला कॅरीमॅट म्हणतात, ती सॅकला बाहेरून बांधलेली गुंडाळी. फोमच्या दोन जाती. एकीत भोकं एकमेकांना जोडलेली असतात, तो आपला स्पंज. गादीला चांगला, रानात निरुपयोगी, कारण तो पाणी ओढतो. दुसऱ्या जातीत प्रत्येक बुडबुडा स्वतःपुरता बंद असतो, त्यात पाणी शिरत नाही. दुकानदार दोन्हीला ‘फोम’च म्हणतो. ओळखायची रीत सोपी आहे. तुकडा बादलीत दाबून धरायचा, मग पिळायचा. पाणी निघालं तर तो स्पंज. आणि अंगठ्याने जोरात दाबून सोडायचा. खड्डा तसाच राहिला तर तो आठवड्यात चपटा होणार.

हिशेब मांडून बघू. सहा फुटी माणसाला पुरेल असा, १८० सेंटिमीटर लांब, ५० रुंद, एक सेंटिमीटर जाड तुकडा. फोमची घनता घनमीटरला ३० किलो धरली तर वजन येतं २७० ग्रॅम. वाकळीपुढे काहीच नाही. शिवाय पायाखाली चटई लागतेच असं नाही. खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा १२० सेंटिमीटरचा तुकडा कापला तर १८० ग्रॅम. पायाखाली पडशी घेतली की दिवसभर चाललेले पाय थोडे वरही राहतात, सूज उतरते. एक सेंटिमीटर चांगल्या फोमची आर-किंमत एक ते दीडच्या आसपास भरते. लोणीला ती पुरून उरते, पुढे रोटी घाट चढून उंडवडीच्या माळावरसुद्धा.

हा फोम मिळवायला ट्रेकिंगचं दुकानच गाठायला हवं असं नाही. रविवार पेठेत बोहरी आळीला, जिथे ताडपत्री, दोर, प्लास्टिक मिळतं, तिथे पॅकिंगचा फोम मापाने कापून देतात. पॅकिंगचा पांढरा फोम हलका आणि स्वस्त; एका वारीला पुरतो, दोन वाऱ्यांनंतर दबतो. जास्त दाट, रबरासारखा लवचीक इव्हा फोम थोडा जड पण वर्षानुवर्षं चालतो. योगासनांची चकचकीत चटई मात्र घेऊ नये. ती बहुधा पातळ असूनही किलोभर भरते आणि घामाने निसरडी होते.

फोमची खोट म्हणजे तो पातळ. उताणं झोपणाऱ्याला चालतो. कुशीवर झोपणाऱ्याचं सगळं वजन खांदा आणि खुबा या दोन ठिकाणी येतं, तिथे एक सेंटिमीटर कमी पडतं. हवेची चटई इथे जिंकते. सात-आठ सेंटिमीटर जाड, खुबा जमिनीला टेकतच नाही. आयटीतल्या एका तरुणाकडे अशी होती, पुण्यातून दोन दिवस चालायला आलेला. तोंडाने फुगवायला त्याला पाच मिनिटं लागली, आजूबाजूची पोरं जमली, एकाने ‘गादी विकत देतो का’ म्हणून विचारलं. पहाटे बघितलं तर तो जमिनीवर होता, आणि चटई नुसतं कापड. या पट्ट्यात वेडी बाभळ बांधाबांधावर आहे, तिच्या काट्यापुढे ही कापडं टिकत नाहीत. तीन वाजता अंधारात, शेजारच्याचा पाय आपल्या अंगावर असताना, भोक शोधून ठिगळ कोण लावणार? हवेच्या चटईखाली फोम घातला तर ती वाचते, हिमालयात जाणारे तसंच करतात, दोन्हीच्या आर-किमतीही एकमेकींत मिळतात. पण मग दोन चटया वाहायच्या. खुब्यासाठी माझा कौल वाकळीलाच. फोमवर वाकळीची दुहेरी घडी कमरेखाली घ्यावी. खाली फोम असला की गार कागदाशी तिची गाठच पडत नाही, म्हणून ती दमट होण्याचं प्रमाणही उतरतं.

चटईपेक्षा जागेचं शहाणपण मोठं. उसाच्या रानात झोपायची वेळ आली तर सरीत अंग टाकू नये, ती आडोशाची वाटते पण पहिली सर आली की पाणी तिथूनच धावतं. वरंब्यावर आडवं व्हावं. उतार असला तर डोकं चढाला. ट्रकच्या मागे झोपू नये हे सांगावं लागू नये, पण सांगावं लागतं.

दिंडीतल्या माणसांना हा सगळा खटाटोप नाही. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली की जेवण, राहुटी आणि सामानाला ट्रक. पूर्वी बैलगाड्या असत. ट्रकवर सामान चढवणारा एक गडी सांगत होता, ‘‘वळकटी बांधताना ओली बांधतात, मग एकीची ओल दुसरीला. खालची बोचकी पंढरपूरपर्यंत वाळतच नाहीत.’’ त्याच्याच ट्रकमध्ये एका दिंडीने सगळ्यांसाठी एकसारखे फोमचे तुकडे घेतले होते, एकाच दोराने बांधलेला मोठा गठ्ठा, वजन काही नाही, पाणी झटकलं की कोरडे. मला लोणीत दिसलेली सगळ्यांत शहाणी खरेदी ती.

पालखी पहाटे यवतच्या वाटेला लागली की तळावर काय उरतं तेही बघावं. पातळ, फाटके, चिखलात रुतलेले प्लास्टिकचे कागद, एकरच्या एकर. यातले कितीतरी आदल्या दिवशी पुण्यात कुणी भाविकाने वाटलेले असतात. वाटणाऱ्याचा हेतू चांगला, कागद मात्र एका रात्रीचा. त्याच पैशात थोडी भर घातली तर फोमचा तुकडा येतो, जो वारकरी टाकून जात नाही, कारण तो पुढच्या रात्रीही लागतो. बिस्किटं, केळी, रेनकोट, मोजे यांचे स्टॉल रस्त्याभर असतात. पाठीखाली घालायला काही देणारा स्टॉल मला हडपसर ते लोणी एकही दिसला नाही.

२०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. आषाढी एकादशी २५ जुलैला येते, म्हणजे पालखी लोणीला जूनमध्ये नाही, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पोचेल, भर पावसाळ्यात. मंडळांनी, सोसायट्यांनी, कंपन्यांनी वाटपाची यादी मे महिन्यात करताना त्यात एवढी एक ओळ घालावी: बंद बुडबुड्यांचा फोम, एक सेंटिमीटर जाड, चार फूट लांब, पावणेदोन फूट रुंद, बांधायला नाडीसकट. आणि तो पुण्यात, लोणीच्या आधी वाटावा.